कार्यअहवालात विधानसभा कोठे आहे?

विधिमंडळाचे अधिवेशन संपून आमदार मतदारसंघात परतले की तालुक्याच्या गावी स्वागताचे फलक लागतात, आणि वर्षातून एकदा, बहुधा आमदारांच्या वाढदिवसाचे औचित्य साधून, गुळगुळीत कागदावर छापलेला 'कार्यअहवाल' घरोघरी पोचता होतो. त्याच्या मुखपृष्ठावर पक्षातील मानाच्या क्रमाने नेत्यांची छायाचित्रे असतात आणि आत गावनिहाय कामांची यादी असते. कोणत्या वाडीला किती मीटर काँक्रीटचा रस्ता, कोणत्या देवळापुढे किती लाखांचा सभामंडप, कोठे स्मशानभूमीची शेड, कोठे हायमास्ट दिवा, कोठे पेव्हर ब्लॉक. अखेरच्या पानांवर भूमिपूजनांची आणि सत्कारांची छायाचित्रे. अशा चाळीस-पन्नास पानांत 'विधेयक' हा शब्द बहुधा एकदाही भेटत नाही. अर्थसंकल्पाचा उल्लेख भेटतो, तो 'अर्थसंकल्पातून भरीव तरतूद खेचून आणली' एवढ्यापुरता. हा अहवाल एखाद्या परप्रांतीयाच्या हाती पडला आणि आमदार हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील एखादे मानाचे पद असावे, असा त्याचा समज झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

रस्ते हवेत, दिवेही हवेत. ते मागण्यासाठी लोकप्रतिनिधीकडे जाण्यात मतदाराचे काही चुकत नाही. तथापि राज्यघटनेने विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सभासदांवर जी कामे सोपविली आहेत ती याहून वेगळी आहेत. कायदे करणे, राज्याचा जमाखर्च मंजूर करणे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे ही ती तीन कामे. या तिन्ही बाबतीत आपल्या प्रतिनिधीने गेल्या अधिवेशनात काय केले, हे जाणून घेण्याचे कोणतेही सोयीचे साधन सामान्य मतदाराच्या हाती नाही. ज्या कामासाठी माणूस निवडून दिला त्याच कामाचा हिशेब तेवढा मिळत नाही, असा हा प्रकार आहे.

थोडे अंकगणित करून पाहावे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाखाली प्रत्येक सभासदाला मिळणारा वार्षिक निधी २०२२ मध्ये ४ कोटींवरून ५ कोटी रुपये करण्यात आला. दोन्ही सभागृहांच्या ३६६ जागांचा हिशेब धरला तर ही रक्कम वर्षाला १,८३० कोटी होते. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. म्हणजे राज्याच्या खर्चाच्या दर शंभर रुपयांतले तीस पैसे आमदारांच्या स्वतःच्या शिफारशीने खर्च होतात. उरलेले नव्याण्णव रुपये सत्तर पैसे खर्च होतात ते त्यांनी सभागृहात दिलेल्या मंजुरीने. कार्यअहवालात निधीबाहेरची, निरनिराळ्या खात्यांतून मिळवलेली कामेही असतात हे मान्य केले, तरी या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. अहवाल तीस पैशांचा निघतो आणि नव्याण्णव रुपये सत्तर पैशांविषयी मौन पाळले जाते.

आणि हे मौन साध्या रकमेविषयी नाही. पुरवणी मागण्यांचे उदाहरण घ्यावे. अर्थसंकल्प करताना जी गरज ध्यानात आली नव्हती ती वर्षाच्या ओघात उद्भवली तर सरकारने पुन्हा विधिमंडळाकडे यावे, यासाठी घटनेच्या २०५ व्या अनुच्छेदात ही सोय आहे. घरातल्या माणसाने महिन्याच्या मध्यावर अकल्पित आजारपणासाठी जादा पैसे मागावेत, तशी. २०२४ हे निवडणुकीचे वर्ष असल्याने त्या वर्षीचा पूर्ण अर्थसंकल्प २८ जून रोजी सादर झाला, आणि त्याच पावसाळी अधिवेशनात, अवघ्या पंधरवड्याच्या आत, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडण्यात आल्या. त्यात महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या योजनेचा वाटा मोठा होता. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आणखी ३५,७८८ कोटींच्या मागण्या आल्या. या आकड्यांचा काही भाग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दाखविण्याच्या जमाखर्चाचा असतो, सारा खर्च नवा नसतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण पंधरा दिवसांपूर्वी मंजुरीसाठी मांडलेल्या अर्थसंकल्पाच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढी मागणी पुन्हा समोर येते, तेव्हा ती अकल्पित आजारपणाची मागणी नसते, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. ती योजना योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. तिला हात वर करणाऱ्या आमदाराने आपल्या मतदाराला एवढेच सांगावयाचे होते की हे पैसे कोठून येणार, आणि कोणत्या कामाचे पैसे त्यामुळे मागे पडणार. दीड हजार रुपयांचे फलक मात्र गल्लोगल्ली लागले.

असे का होते, याचे उत्तर आमदारांच्या आळसात किंवा अप्रामाणिकपणात शोधण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. लाभाचे दोन प्रकार असतात. काही लाभांचे वाटे करता येतात आणि प्रत्येक वाट्यावर नाव घालता येते. काहींचे करता येत नाहीत. वाडीचा रस्ता पहिल्या प्रकारात मोडतो. त्यावर फलक लागतो, त्याचे श्रेय एकाच माणसाला जाते आणि त्याचा लाभही ठरावीक घरांना होतो. चांगला कायदा दुसऱ्या प्रकारातला. तो साऱ्या राज्याला लागू होतो आणि त्याचे श्रेय ३६६ जणांत विभागले जाऊन कोणाच्याच पदरात धड पडत नाही. ज्या श्रमाचे श्रेय मिळत नाही तो श्रम करण्याची प्रेरणा कमी असणे स्वाभाविक आहे. मतदाराचेही तसेच. एखाद्या विधेयकाची पन्नास कलमे वाचण्यात त्याची एक संध्याकाळ जाणार, आणि त्याच्या एका मतामुळे त्या विधेयकात स्वल्पविरामही बदलणार नाही. मग त्याने ते का वाचावे? त्यामुळे मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, आणि पुरवठा नाही म्हणून मागणी निर्माण होत नाही, असे हे चक्र पडले आहे. बाजारात अशा वस्तूचा पुरवठा कोणीतरी कर्तव्य म्हणून केल्याशिवाय होत नाही.

अलीकडच्या काळात या चक्राला आणखी एका गोष्टीने गती दिली. राज्यातील बहुतेक महापालिका आणि अनेक जिल्हा परिषदा यांची मुदत २०२२ च्या सुमारास संपली. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका लांबत गेल्या आणि तेथे प्रशासक बसले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सांगावे लागले, आणि तरीही त्या वर्ष सरता सरता सुरू झाल्या. मधल्या काळात गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता आणि शाळेच्या छपराविषयी बोलायला जिल्हा परिषदेचा सभासद नव्हता. साहजिकच सारी वर्दळ आमदारांच्या दाराशी आली. १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या तेव्हा त्यांमागे सत्तेची एक नीटस विभागणी होती. स्थानिक कामे स्थानिक लोकप्रतिनिधींनी पाहावीत आणि आमदाराने राज्याचा विचार करावा. ती विभागणी आधीच विरत चालली होती. प्रशासकांच्या राजवटीत ती नावालाही उरली नाही, आणि आमदारांपैकी पुष्कळांना हे गैरसोयीचे वाटले असेल असे म्हणवत नाही.

परंतु कायदेकानूंची माहिती मतदाराला नको असते, हा समज तपासून घेतला पाहिजे. ज्या कायद्यांनी लोकांच्या खिशाला किंवा सातबाऱ्याला हात लागतो त्यांविषयी गावात जेवढे कुतूहल असते तेवढे कोणत्याही सभामंडपाविषयी नसते. १९४७ चा जमिनीची तुकडेबंदी करणारा कायदा पाहावा. शेतीचे तुकडे पडत पडत ती परवडेनाशी होऊ नये, हा त्यामागचा आर्थिक विचार. पण शहरांच्या कडेने आणि हमरस्त्यांलगत हजारो कुटुंबांनी एक-दोन गुंठ्यांच्या जागा घेतल्या, त्यांवर घरे बांधली, आणि त्यांची नावे सातबाऱ्यावर लागेनात. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट उघडली. ती वाट फार थोड्यांना परवडली. २०२४ मध्ये हे शुल्क ५ टक्क्यांवर आणले गेले. या काळात किती कुटुंबांनी दलालांना पैसे दिले, किती जणांनी शुल्क कमी होण्यापूर्वीच घाईने व्यवहार उरकले, किती जणांना आपण या दुरुस्तीत बसतो की नाही हेच कळले नाही, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कायदा कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना लागू आहे, शुल्क कोठे भरावयाचे, बाजारभाव कोणता धरावयाचा, एवढी चार वाक्ये आमदाराच्या सहीने ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली असती तर दलालाचा अर्धा धंदा तेथेच बसला असता. ती लागली नाहीत. 'गुंठेवारीचा प्रश्न मार्गी लावल्याबद्दल' अभिनंदनाचे फलक मात्र लागले.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही याच जातीचा. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दोनदा अपील करता येते, मग आयोगाकडे जाता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आमदाराच्या कार्यालयात चिठ्ठी मागायला येणाऱ्या माणसाला हा कायदा समजावून सांगितला तर पुढच्या वेळी तो चिठ्ठी मागायला येणार नाही. कदाचित म्हणूनच तो सांगितला जात नसावा.

सरपंचाच्या निवडणुकीचे प्रकरण तर बोलके आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडावा असा बदल झाला. २०२० मध्ये सत्तांतरानंतर तो रद्द होऊन सरपंच पुन्हा सभासदांतून निवडला जाऊ लागला. २०२२ मध्ये आणखी एक सत्तांतर झाले आणि पुन्हा थेट निवडणूक आली. नगराध्यक्षाच्या बाबतीतही असेच झोके घेतले गेले. थेट निवडीच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडे वजनदार युक्तिवाद आहेत: लोकांनी निवडलेला सरपंच आणि त्याच्या विरोधातले बहुमत यांत कामे अडकतात, तर सभासदांतून निवडलेला सरपंच पळवापळवीला बळी पडतो. पाच वर्षांत एकच प्रश्न तीनदा सभागृहापुढे आला. या काळात सभागृहात सातत्याने बसलेल्या आमदाराने तिन्ही वेळा काय भूमिका घेतली, आणि ती बदलली असल्यास का बदलली, हे ज्या गावांत हा खेळ झाला त्या गावांना कधी सांगितले गेले काय?

सांगितले गेले नाही, आणि शोधूनही सापडणार नाही, कारण आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चा आवाज मोठा की 'नाही'चा, हे अध्यक्ष ठरवितात. कोण होय म्हणाले आणि कोण गप्प राहिले याची नोंद होत नाही. सभासदांनी मतविभाजन मागितले तरच नावे कागदावर येतात, आणि मतविभाजन मागण्याचे प्रसंग विरळा. म्हणजे मतदार गुप्त मतदान करतो ते त्याच्या संरक्षणासाठी, आणि त्याचा प्रतिनिधी व्यवहारतः गुप्त मतदान करतो ते नेमके कोणाच्या संरक्षणासाठी, हे विचारण्याजोगे आहे. यावर पक्षांतरबंदीकडे बोट दाखविले जाते. १९८५ मध्ये घटनेला दहावी अनुसूची जोडली गेल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात येते. तेव्हा आमदाराला स्वतःचे मत उरले कोठे, आणि मग त्याने सांगावे तरी काय? या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पक्षादेश मतदानाला बांधतो. प्रश्न विचारण्याला, दुरुस्ती सुचविण्याला, कपात सूचना देण्याला किंवा समितीच्या बैठकीत अधिकाऱ्याला अडचणीत आणण्याला तो बांधत नाही. मत पक्षाच्या स्वाधीन झाले असेल तर उरलेल्या या साऱ्या अधिकारांचा हिशेब अधिकच अगत्याने दिला पाहिजे.

विधेयक मंजूर झाले म्हणजे कायदा झाला, असा एक गोड गैरसमजही या माहितीच्या अभावातून पोसला जातो. महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणारे 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले. त्या दिवशी अभिनंदनाची भाषणे झाली, मतदारसंघांत पेढे वाटले गेले असतील. केंद्रीय कायद्यांशी त्याचा संबंध येत असल्याने त्याला राष्ट्रपतींची संमती आवश्यक होती. ती मिळाली नाही आणि ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. त्याला मत देणाऱ्या किती आमदारांनी पुढे आपल्या मतदारसंघातील स्त्रियांना सांगितले की ज्या कायद्याचा आम्ही गाजावाजा केला तो अस्तित्वातच आला नाही? उलट बाजूचे उदाहरणही आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले, नंतर संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. विधेयकाच्या बाजूचे आणि विरोधातले लोक त्याच्या कलमांवर गावोगाव बोलत होते. याचा अर्थ, सांगणारे कोणी भेटले की लोक कायद्याचा मसुदा वाचतात, त्यावर लिहितात आणि पत्ता शोधून सूचना पाठवितात. बारा हजार सूचना पाठविणारे हे लोक आणि 'लोकांना यात रस नसतो' असे म्हणणारे आमदार एकाच राज्यात राहतात.

अर्थात मसुदा वाचणे सोपे नाही. राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर कायद्यांची मराठी घडविताना भाषा संचालनालयाने मोठे काम केले हे मान्य करूनही, दुरुस्ती विधेयक हा वाङ्मयप्रकार सामान्य वाचकाला दुर्भेद्यच राहिला आहे. 'मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल' अशी दोन पाने वाचून कोणाला काय कळणार? मूळ अधिनियम शेजारी उघडून ठेवल्याशिवाय तो मजकूर म्हणजे नुसते सुटे खिळे. विधेयकाच्या अखेरीस जोडलेले 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' तेवढे वाचनीय असते, पण ते सरकारच्या बाजूने लिहिलेले असते. येथे दुभाष्याची गरज आहे आणि तो दुभाषा पगारी नोकर नसून निवडून दिलेला प्रतिनिधीच असला पाहिजे, कारण नुसता अर्थ सांगून भागत नाही. आपण त्याच्या बाजूने का उभे राहिलो हेही सांगावे लागते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासदाला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता त्या काळात आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखविण्याची ही धडपड होती. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने त्यात शेतसारा, दुष्काळ, सरकारी जमाखर्च यांची चिकित्सा येऊ लागली. १९०१ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आली तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला. आजच्या सभात्यागांशी त्याची तुलना करावीशी वाटेल, पण त्या विधेयकाचा शेतकऱ्यावर काय परिणाम होणार याची चर्चा सभागृहाच्या बाहेर आधीच झालेली होती. गोखल्यांची १९०२ पासूनची अंदाजपत्रकावरील भाषणे आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाचायला दिली जातात. मूठभर लोकांच्या मतांवर कौन्सिलात गेलेल्या माणसांना जी जबाबदारी वाटत होती ती लाखांच्या मतांनी निवडून येणाऱ्यांना वाटू नये, याचे समर्थन काळ बदलला या सबबीवर करता येणार नाही.

स्वतंत्र महाराष्ट्रातही कायद्याच्या कामाने मतदार दुरावतो असा अनुभव नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमेचा खडी फोडणाऱ्या मजुराच्या रोजीशी काय संबंध आहे, हे त्या वेळी दोन्हीकडे पुष्कळ लोकांना माहीत होते. कर आणि कार्य यांची सांगड लोकांच्या मनात एवढी स्पष्ट असण्याचे दुसरे उदाहरण या राज्यात सहज सापडत नाही. आज तोच कर भरणाऱ्या माणसाला तो कशासाठी सुरू झाला हे विचारून पाहावे. मृणाल गोरे यांना मुंबईने 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखले. त्याच मृणालताईंनी गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयकाचा पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. नळाचे पाणी आणि कायद्याचे कलम यांत एकालाच निवडावे लागते, असे त्यांच्या मतदारांना वाटले नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख सभागृहातल्या अभ्यासू उपस्थितीसाठी नावाजले गेले आणि ११ वेळा निवडून आले.

सभागृहातले बाहेर सांगण्यात हक्कभंगाची किंवा अब्रूनुकसानीची जोखीम आहे, असेही कधी कधी म्हटले जाते. या भीतीला एक जुना आधार आहे. पश्चिम बंगालचे आमदार जतीशचंद्र घोष यांनी विधानसभेत विचारण्यासाठी दिलेले प्रश्न अध्यक्षांनी नाकारले, तेव्हा ते त्यांनी एका नियतकालिकात छापून आणले. संबंधित अधिकाऱ्याने फिर्याद केली. सभागृहातल्या भाषणाला असलेले संरक्षण या छपाईला मिळणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. मर्यादा आहे ती अशी. परंतु वृत्तपत्रांतून येणाऱ्या कामकाजाच्या खऱ्याखुऱ्या वृत्तांताला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, ३६१-क या अनुच्छेदाखाली, संरक्षण दिले आहे. ज्या प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिले आणि जे उत्तर छापील कामकाजात आले ते गावात वाचून दाखविण्यात कसली जोखीम? जोखीम आहे ती उत्तर ऐकून गावकरी पुढचा प्रश्न विचारतील, ही.

कारण ती उत्तरे मोठी गमतीदार असतात. 'हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली?' असा प्रश्न असतो आणि 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही', 'बाब विचाराधीन आहे' अशी उत्तरे असतात. पाझर तलाव कागदावर पूर्ण झाला असून प्रत्यक्षात तेथे खड्डाही नाही, हे ज्या गावाला ठाऊक आहे त्या गावासमोर 'हे खरे नाही' एवढे उत्तर वाचून दाखविले तर पुढची चौकशी करण्यासाठी वेगळी समिती नेमावी लागणार नाही. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तिच्याकडे माहिती पोचते ती सचिवालयातून. ज्या गावाला आश्वासन दिले त्या गावाला ते दिल्याचेच माहीत नसेल तर समितीला खरी परिस्थिती कोण कळविणार? लोकलेखा समिती आणि पंचायती राज समिती यांचेही असेच. त्यांवर काम करणाऱ्या आमदारांचे श्रम बहुधा छायाचित्राविना जातात, आणि जे आमदार ते मन लावून करतात त्यांच्यावर हा अन्याय आहे.

यासाठी नवा कायदा नको आणि नवा निधीही नको. अधिवेशनानंतर चार पानांचे एक पत्रक पुरे: कोणती विधेयके आली, त्यांपैकी आपल्या तालुक्याला कोणती लागू पडतात, आपण कशाला पाठिंबा दिला आणि का, कोणते प्रश्न विचारले आणि उत्तर काय मिळाले, पुरवणी मागण्यांत किती रक्कम मंजूर केली. हे पत्रक विरोधी पक्षाच्या आमदाराला काढणे सोपे जाईल आणि सत्ताधाऱ्याला अवघड, हे उघड आहे. म्हणून सुरुवात सत्ताधाऱ्यांनी करावी. विधिमंडळ सचिवालयाने प्रत्येक मंजूर विधेयकाचा एकपानी मराठी गोषवारा तयार केला आणि तो तालुक्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत पोचविला तर आमदाराचे निम्मे काम हलके होईल. मतविभाजनाच्या नोंदी वाढविण्याचे काम मात्र सभागृहाचे स्वतःचे आहे, आणि त्याला थोडे धैर्य लागेल.

सांगण्याची जागाही तयार आहे. राज्यात ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात संपते, अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चअखेरीच्या सुमारास आणि पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैत किंवा ऑगस्टच्या आसपास. म्हणजे प्रत्येक अधिवेशनानंतर थोड्याच दिवसांत किंवा आठवड्यांत एक ग्रामसभा येते. मतदारसंघातल्या प्रत्येक गावी आमदाराला जाता येणार नाही, पण पत्रक तेथे वाचले जाऊ शकते आणि दोन-तीन मोठ्या गावी ते स्वतः उभे राहून वाचू शकतात. १ मे रोजी झेंडावंदनानंतर भरणाऱ्या ग्रामसभेत राज्याच्या नव्या अर्थसंकल्पावर अर्धा तास बोलायला त्यांना कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.